आपा, रविवारी मुलांना काय सांगू?

प्रिय शमीम आपा,

सलाम आणि जय भीम. स्टाफरूमच्या दारात रोज सकाळी आपलं उलटंच चालायचं, तुम्ही मला जय भीम म्हणायचात आणि मी तुम्हाला सलाम. आज दोन्ही मीच म्हणून घेतलं.

गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का? कोण जाणे. आज शुक्रवार, इथे आखातात सुट्टीचा वार, शाळा बंद. प्रवीण भाजी आणायला सहमच्या बाजारात गेलाय आणि मी ओट्याशी स्टूल ओढून लिहायला बसले आहे, कारण परवा रविवार आहे आणि मला भीती वाटतेय. रविवारी सकाळी केजीच्या वर्गात पाऊल ठेवलं की मुलं परत विचारणार, आपा मिस कधी येणार? आणि तुम्ही आता कधीच येणार नाही, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत भाचीच्या लग्नाला दापोलीकडे गावी गेलात, आणि लग्नाच्या दोन दिवस आधी तुमचं हृदय बंद पडलं. गावाहून तुमच्या रफीकभाईंचा फोन प्रवीणला आला. मला तर आधी वाटलं, विमान चुकलं असेल म्हणून फोन केलाय. माणूस गेल्याची बातमी इतक्या साध्या आवाजात कशी सांगता येते हो?

शाळेत स्टाफरूमच्या फळ्यावर चार ओळी लिहिल्या गेल्या, सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. मुलांना मात्र काहीच नाही. हेडमॅडम म्हणाल्या, रजेवर आहेत म्हणून सांगा, नवीन टीचर आली की आठवड्यात विसरतात मुलं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हापासून रोज तेच. आर्या तिच्या अडखळत्या मराठीत म्हणते, “मिस, आपा मिस आज पण नाही आली? मी वेट केला.” मी म्हणते, येतील हं. येतील! आणि घाईघाईने हजेरी घ्यायला लागते.

हे असंच किती दिवस रेटलं असतं मी, पण बुधवारी तुमची पिशवी आली.

आपल्याकडे गावाहून येणारा माणूस कधी स्वतःचं सामान आणतो का? अर्धी बॅग लोकांच्या पुड्यांनीच भरलेली. तुमच्या बहिणीने कुणा येणाऱ्याच्या हाती ती पिशवी दिली आणि तो माणूस बिचारा मस्कतहून बसने इथवर येऊन देऊन गेला. उघडली तर काय, वर्गातल्या एकेका पोराच्या नावाची पुडी! आयेशाच्या हिरव्या बांगड्या, आर्याचा लाकडी भोवरा, जोएलची आंबापोळी. आणि हमीदची लाल मातीची पुडी. हो, माती. माती लाल असते हे त्याला पटतच नव्हतं ना, सॉइल इज ब्राउन मिस, म्हणून तुमच्याशी भांडला होता. लग्नघर सोडून तुम्ही त्याच्यासाठी अंगणातली माती भरत बसलात?

मी पिशवी बेडरूमच्या कपाटात ठेवली आहे आणि कपाटाकडे बघत नाही. ती वर्गात नेली की मुलं म्हणणार, आपा मिस आली! मग पुढे काय बोलू? आणि नेली नाही तर? तुम्ही पोरांसाठी आणलेला खाऊ मी लपवून ठेवायचा?

आपा, मला शिकवता येत नाही हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी हिशेबाच्या कामाची बाई. नागपूरला ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर आकडे भरायचे. प्रवीणला इथून जवळच सोहारला नोकरी लागली म्हणून आले, घरात बसून कंटाळले, आणि तुमची मदतनीस बाळंतपणाला गेली म्हणून एका सीझनपुरती ही जागा मिळाली. सप्टेंबर ते मार्च. पहिल्या सकाळी ती सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली आणि मी फळ्याला पाठ लावून उभी राहिले. एकाने रडायला सुरुवात केली, मग दुसऱ्याने, आणि मलाही यायला लागलं. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, “अगो बाय, पोरा हायत ती, वाघ नाय.” मग माझ्या हातात टिशूचा डबा दिलात आणि नाकं पुसायला लावलीत. सगळ्यांची नाकं पुसून होईपर्यंत माझी भीती अर्धी झाली होती. तेच माझं ट्रेनिंग!

आणि ती बकरी? शाळेमागच्या शेतावरून थेट वर्गात आली होती. मुलांच्या आधी मी खुर्चीवर चढले. तुम्ही मात्र शांतपणे हजेरीचं रजिस्टर उघडलंत आणि नावं घेता घेता मध्येच म्हणालात, “बकरी?” सगळा वर्ग ओरडला, “प्रेझेंट मिस!” बकरीने आर्याच्या डब्यातली पोळी खाल्ली आणि आल्या वाटेने गेली. नंतर कितीतरी दिवस मुलं हजेरीत बकरीचं नाव घ्यायला लावायची, आणि तुम्ही घ्यायचात.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो किनाऱ्यावरचा दिवस. मासे घेऊन येणाऱ्या होड्या दाखवायला मुलांना नेलं होतं. तुम्ही त्यांना सुरमई, तारली, बांगडा ओळखायला शिकवत होतात आणि कोळ्यांशी तुमच्या त्या मोडक्या अरबीत घासाघीस करत होतात. परत निघताना मी मुलं मोजली आणि लियाना नव्हती. आपा, तो क्षण! समोर समुद्र, मागे मासे भरायला आलेल्या पिकअप गाड्यांची ये-जा, आणि लियाना कुठेच नाही. मी तिच्या नावाने ओरडत पाण्याच्या दिशेने धावले. तुम्ही धावला नाहीत. म्हणालात, “घाबरलेला पोर लांब जात नाय,” आणि एकेका होडीच्या मागे वाकून बघत चालत राहिलात.

ती एका पालथ्या होडीच्या आडोशाला बसली होती, कानावर हात ठेवून. तडफडणारा मासा बघून घाबरली होती, एवढंच. तुम्ही तिला रागावला नाहीत, कडेवर घेतलंत. मला वाटलं, काय बाई आहे ही, हिला भीती ठाऊकच नाही! मग बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसलात, माझा हात धरलात, आणि तुमचा हात लटलट कापत होता. शाळा येईपर्यंत तुम्ही तो सोडला नाहीत. त्या दिवसापासून मला तुम्ही जास्त आवडायला लागलात.

आपण भांडलो ते एकदाच, फरहानवरून. त्याच्या वडिलांचा व्हिसा खलास झाला आणि ते घर दोन दिवसांत गाशा गुंडाळून गेलं. इथे हे नेहमीचंच. बाकीच्या वर्गांत सांगतात, छुट्टीपर गया है, आणि मुलंही हळूहळू विचारायची थांबतात. तुम्ही मात्र सगळ्यांना चटईवर गोल बसवलंत आणि म्हणालात, “फरहान गया. अब वापस नहीं आएगा. रोना है तो रो लो.” मी दचकलेच. मुलं रडली. मग तुम्ही म्हणालात, एकेकाने फरहानची एकेक गोष्ट सांगा. जोएल म्हणाला, त्याने माझा इरेझर घेतला. आयेशा म्हणाली, त्याने माझ्या बुटात पाणी ओतलं. सगळी हसायला लागली, मग डबे उघडले. मी मात्र धुमसत होते. एवढ्याशा मुलांना असं तोंडावर सांगतात का, म्हणून तुमच्याशी वाद घातला.

तुम्ही डबा खात म्हणालात, “खोटा सांगून आपला काम सोपा होता, बाय. पोर मात्र दाराकडं बघत ऱ्हाते.”

आता तुमचाच वर्ग दाराकडे बघतोय.

तुमच्यासारखं गोल बसवून सांगावं, हे मला सुचलं नाही असं समजू नका. पण फरहान हैदराबादला गेला होता. त्याचं घर आहे, त्याची नवी शाळा आहे. गेलेल्या माणसाचं काय सांगायचं ते तुम्ही मला शिकवलंच नाहीत! हमीद विचारेल, आपा मिस व्हेअर? मी काय म्हणू? आयेशाच्या घरी एक उत्तर, जोएलच्या घरी दुसरं, आर्याच्या घरी तिसरं, आणि मी ज्या घरात वाढले तिथे तर यावर बोलण्यापेक्षा माणूस कसं जगला ते आठवा म्हणतात. चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर मी कोणाचं उत्तर देऊ? चुकीचं बोलले आणि एखादं मूल रात्री दचकून उठायला लागलं तर?

काल धीर करून हेडमॅडमकडे गेले. म्हटलं, मुलांना सांगू या, मी सांगते. त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, “तुमच्या जबाबदारीवर सांगा. पालकांचे फोन आले तर तुम्ही बोलायचं.” आता झालं! आधी नुसती मुलांची भीती होती, आता पालकांचीही.

प्रवीण म्हणतो, एवढं कशाला अंगावर घेतेस, मार्चला तर तुझं काम संपतंय. त्याचंही बरोबर आहे. नवीन टीचर येईल, पिशवीतला खाऊ मी कुणाचं नाव न घेता वाटेन, मुलं खातील, विसरतील. किती सोपं.

तुमच्यावर रागही येतो, आपा. जायच्या आधी स्टाफरूममध्ये छाती चोळत बसला होतात ना? मी म्हटलं डॉक्टरांना दाखवू या, तर म्हणे ॲसिडिटी. जिऱ्याचं पाणी प्यायलात आणि मलाच दटावलंत, “तू कशाकशाला घाबरतंस गो!” दुसऱ्याच्या पोराला कुठे खरचटलं तर बस थांबवणारी बाई स्वतःच्या छातीचं दुखणं जिऱ्याच्या पाण्यावर भागवते? एकदा तरी माझ्या भीतीचं ऐकायचं होतं.

आणि शेवटच्या दिवशी वर्गाच्या दारातून वळून मुलांना “इन्शाल्ला, जल्दी आऊंगी” कशाला म्हणालात? ती धरून बसली आहेत तो शब्द.

मघापासून भाजी चिरायला घेते आणि परत कागदाकडे येते. एक वाक्य मोठ्याने म्हणून बघत होते. आपा मिस वारल्या. नाही म्हणता आलं. स्वयंपाकघरात कोणी नाही, समोर मूल नाही, पालक नाही, हेडमॅडम नाही, तरी जीभ वळली नाही. तेव्हा कळलं की मी मुलांना घाबरतच नाहीये. मुलं रडतील, विचारतील, हसतीलही, मग डबे उघडतील. मला भीती दुसरीच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी तुम्हाला पाहिलं नाही. मातीला येता आलं नाही. इथून कुणालाच येता आलं नाही. माझ्यासाठी तुम्ही त्या दारातून बॅग घेऊन बाहेर पडलात, तेवढंच. रोज सकाळी आर्या विचारते, आपा मिस आज येणार? आणि तो एक क्षण मलाही वाटतं, येतील की! या सहममध्ये तुमची वाट बघणारी एवढी पोरं आहेत म्हणून तुम्ही अजून रजेवर आहात. रविवारी मी सांगितलं की तुमची वाट बघणारं कोणी उरणार नाही. मीसुद्धा नाही. हे मला स्वतःच्या तोंडाने करायचंय, आपा.

पण मुलांना ताटकळत ठेवून मी माझं समाधान करून घ्यावं, हे तुम्हाला चाललं नसतं.

तर शब्द देते. रविवारी पहिल्या तासाला सांगेन. गेलात, मरण पावलात, असं साध्या शब्दांत, तुमच्या हिंदीसारख्या हिंदीत. कुठे गेल्या विचारलं तर म्हणेन, मला माहीत नाही, घरी आईबाबांना विचारा. रडू आलं तर त्यांच्यासमोर रडेन. मग पिशवी उघडेन आणि ज्याची त्याची पुडी तुमचं नाव घेऊन देईन. पालकांचे फोन आले तर उचलेन, सगळे.

फक्त उद्याचा शनिवार तेवढा मला द्या. उद्याचा दिवस तुम्ही लग्नालाच गेलेल्या आहात.

तुमची घाबरट,
वैशाली