सोमारीच्या वहीतलं अक्षर

आलापल्ली,
८ एप्रिल २०२१

माझ्या ताई, जयभीम.

तुझं पत्र मिळालं. मी ठणठणीत आहे, मास्क लावूनच हिंडते. शाळा अजून मोबाइलवरच भरते.

एक शंका मात्र छळत होती. चौथीतल्या सोमारीच्या गृहपाठाचा फोटो रोज यायचा, पण अक्षर तिचं वाटेना. तिला फोन द्या म्हटलं, की आई म्हणायची, "रानात गेली, बाई."

काल तिच्या गावी गेले. कोरोनाच्या भीतीनं वाटेवर लाकूड आडवं टाकलंय. पलीकडून आई ओरडली, "तिथीच थांबा, बाई! बिमारी आणान!"

"सोमारी कुठे आहे?"

धाकटी प्रिया रडत म्हणाली, "नाव काटू नका, बाई. ताई बाबासंग मिरची तोडाले तेलंगणात गेली. मीच लिवतो तिचं."

मला टायफॉइड झाला, तेव्हा तूही माझी वही लिहायचीस. कॉन्व्हेंटच्या सिस्टर अक्षर ओळखूनही रागावल्या नाहीत, आठवतं?

पंधरा दिवसांत परततील म्हणतात. सोमारीचा आवाज ऐकेपर्यंत माझा विश्वास नाही.

आणि ताई, तुझं पत्र या वेळी सुनेच्या अक्षरात का? "मी बरी आहे" एवढंच लिहिलंस. फोन कर, तुझाही आवाज ऐकू दे.

तुझी धाकटी,
यशोधरा