सांत ओनोफ्रियोच्या मठीची निरवानिरव

मी, एर्सिलिया बार्तोलुच्ची, वय एक्याऐंशी, राहणार कोस्तालता, उंब्रिया. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्या भिडेखातर नव्हे, स्वखुशीने हे मृत्युपत्र करते. आधीचे, ज्यात माझा भाऊ एवारिस्तो याच्या घराण्याचे नावही नव्हते, ते रद्द समजावे.

१. मठी. आठशे वर्षांपूर्वी संन्याशांनी डोंगरात खोदलेल्या पाच खोल्या व प्रार्थनाघर. शेवटचे साधू फ्रा जेमिन्यानो यांना लहानपणी मसुराचे सूप मीच नेऊन देई. ते १९५१ साली वारले. पुढे तिथे मेंढ्या बांधत. वडिलांनी मठी विकत घेऊन माझ्या नावे केली. १९७४ साली मी व माझे यजमान नाझारेनो यांनी लेंड्या उपसल्या, चुना दिला आणि पाहुण्यांची सोय केली.

२. नाझारेनोची छिन्नी, हातोडा, थापी गवंडी रेमोला. अकरा वर्षे त्याच्याकडेच आहेत. आता परत करण्याची तसदी घेऊ नये.

३. तांब्याची कढई जाऊबाई ओर्तेन्सिया यांना. माझा रस्सा खारट असतो म्हणत. स्वतः करून पाहावा.

४. एवारिस्तो. भिंती पाडून खोल्या मोठ्या करू, असा त्याचा हट्ट होता. मी नाही म्हटले, बोलणे तुटले. १९९८च्या फेब्रुवारीत, नाझारेनो गेल्याच्या पुढच्या वर्षी, भर बर्फात, तो दुपारी दारात आला. बायकोने घराबाहेर काढले होते.

“दोन दिवस टेकू दे, एर्सिलिया.”

“खोल्या पाहुण्यांच्या आहेत.”

“मग पाहुणा समज.”

“पाहुणे आधी कळवून येतात.”

पाचही खोल्या रिकाम्या होत्या. त्याने टोपी घातली आणि तो उतरून गेला. खालच्या गोठ्यात राहिला, न्यूमोनिया झाला, आठवड्यात गेला. तो माझ्याकडे आलाच नव्हता, असे मी गावात सांगितले. ते खोटे होते.

५. सबब मठी एवारिस्तोची मुलगी लोरेदाना हिला. अट एकच: पूर्वेची खोली भाड्याने देऊ नये, तिला कुलूप लावू नये. जो येईल त्याने राहावे.

६. हे सारे मी काल लोरेदानाला वाचून दाखवले. ती म्हणाली, “आत्या, मला माहीत होतं. बाबांनीच इस्पितळात सांगितलं. म्हणाले, तिचं कोणी नाही, तिच्याकडे जात जा.”

एकवीस वर्षे ती दर रविवारी येते आहे. हे कलम कायद्याला लागत नाही, असे नोटरी म्हणाले. तरी ते राहू द्यावे.

साक्षीदार: फिदेन्सियो मोरोनी, शिक्षक, असुंता ग्रिल्ली, सुईण.
आम्हांसमक्ष वाचून, समजून सही केली.

एर्सिलिया बार्तोलुच्ची
कोस्तालता, ९ नोव्हेंबर २०१९