सवतीचा टाक

॥ श्री ॥
सोनपेठ
२१ फेब्रुवारी १९९४

चि. बन्सीधर यास अक्काचे आशीर्वाद.

वि. वि. काल बापूंच्या वर्षश्राद्धाला मी पानावरून उठून आले, त्यावर राणीसावरगावात काय काय बोललं गेलं असेल ते मला इथं बसून ऐकू येतं. कारण मात्र तुला मीच सांगते. तू पुण्याहून मोठा करून आणलेला बापूंच्या लग्नाचा फोटो, तेच कारण.

चंद्रभानकाका भिंतीपुढं उभे राहून वाहवा करत होते, की दोघं कालच बोहल्यावरून उतरल्यासारखी दिसतात. मीही कौतुकानं जवळ गेले. बापूंचा फेटा कोरा करकरीत, मावशी वीस वर्षांची, अंगावरचं लुगडं चकचकीत. आणि मावशीच्या गळ्यात टाक नाही.

जुन्या फोटोत तो होता. डावीकडं कललेला, वाकडा, पण होता. माझी आई तानुबाई गेली तेव्हा मी चार वर्षांची. वर्ष सरायच्या आत बापूंनी तुझ्या आईशी लग्न केलं, आणि रीतीप्रमाणं हळदीच्या आधी मावशीच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. बोटाच्या पेराएवढी चांदी, त्यावर सोनारानं ठोकलेली बाई. तिला धड नाकडोळेसुद्धा नाहीत. पण माझ्या आईचा फोटो कुणी काढलाच नाही, बन्सी. बापूंच्या घरात भिंतीवर तिची जागा एवढीच होती. बाळपणी मी पाटावर चढून तीच बघत बसायची.

तू ती पुसलीस. का पुसलीस ते कळव.

आम्ही इकडे ठीक. पोरांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. लोभ ठेवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी अक्का,
कस्तुरा


पुणे
२ मार्च १९९४

ती. अक्का हिस सा. न.

वि. वि. पत्र पोचले. भरल्या पंगतीतून उठून जायचे आणि वर जाब मागायचा, याला आपल्याकडे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. आई त्या दिवशी रात्रीपर्यंत जेवली नाही. हे तुला कुणी कळवले नसेल, म्हणून मी कळवतो.

फोटोबद्दल. आमच्या प्रेसमध्ये कॅलेंडरे आणि लग्नपत्रिका छापतात हे तुला माहीत आहे. तिथे कॉम्प्युटर आला आहे आणि त्यात फोटो सुधारायचा प्रोग्राम आहे. चांगल्या जागेचा तुकडा उचलायचा आणि खराब जागेवर ठेवायचा, असे त्याचे काम. सुटीच्या दिवशी मालकांची परवानगी काढून मी ते केले. फोटो पिवळा पडला होता, काचेला चिकटला होता, जागोजागी बुरशी. बापूंच्या फेट्यावर तर आडवी चीर गेलेली. आईच्या गळ्याखाली एक वाकडा डाग होता, तोही बुरशीचाच समजून काढला. तुझ्या आईशी माझे वैर असायला मी तिला पाहिलेसुद्धा नाही.

एवढ्या मेहनतीबद्दल घरातून एक बरा शब्द ऐकायला मिळेल असे वाटले होते. असो. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कृपा जेवढी शिल्लक असेल तेवढी असू द्यावी.

तुझा,
बन्सीधर


सोनपेठ
९ मार्च १९९४

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

वि. वि. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सातवी शिकलेय, आंधळी नाही.

फोटोत मावशीच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी काळा दोरा तसाच आहे. खाली उतरत येतो आणि छातीपाशी येऊन पदरात नाहीसा होतो. बुरशी दोऱ्यात ओवलेली असते का रे? डाग समजून काढला असतास तर दोराही गेला असता. तू टाक ओळखलास, नेमका तेवढाच काढलास, आणि वर पदराचा तुकडा ठेवलास. दोरा काढायचा राहून गेला, कारण दोऱ्याशी तुझं भांडण नव्हतं.

इकडं विद्यापीठाला एक नाव लावायला सोळा वर्षं लागली. माणसं मेली, घरं जळाली. अजून बाजारात दोन माणसं त्यावरून बोलायला लागली की तिसरा उठून जातो. आणि तू तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या एका बाईला काढून टाकलंस आणि मला मेहनत सांगतोस.

मला दोन गोष्टी पाहिजेत. एक तर जुना फोटो, आहे तसा, चिरांसकट. आणि खरं कारण.

मावशी जेवली नाही म्हणतोस. मी आईविना वाढले, ते कुणी मोजलं नाही. इथं उन्हाळा लवकर लागलाय, गोदावरीचं पाणी आत्ताच तळाला गेलं. लोभाचं नंतर बघू.

कस्तुरा


पुणे
१८ मार्च १९९४

ती. अक्का हिस नमस्कार.

वि. वि. तुला खरेच पाहिजे ना, मग घे.

होय, ओळखला. ओळखूनच काढला. कॉम्प्युटरवर आईचा चेहरा हाताएवढा मोठा करून बघत होतो. इतकी लहान पोरगी, अक्का, आत्ताच्या माझ्या प्रेसमधल्या मुलींहून लहान, आणि तिच्या गळ्यात मेलेल्या बाईचे जोखड. नवे लुगडे आले की आई ते आधी त्या टाकाला लावायची, मग नेसायची. सणाचा घास आधी त्याला दाखवायची, मग आपण. तिला या घरात पहिलेपण असे कधी मिळालेच नाही. साधा ताप आला तरी बाया म्हणायच्या, सवत लागली.

माझ्या पाठची दोन महिन्यांची होऊन गेली तेव्हा तू सासरी होतीस. मी ओट्यावर बसलो होतो. आत बाया आईला सांगत होत्या, तानुबाईनं नेली, तिचा मान राखण्यात काही उणं पडलं असेल. आई त्यावर काही बोलली नाही. मी ते विसरलो नाही. एका फोटोत तरी माझी आई एकटी नवरी असावी, असे मला वाटले. यात पाप असेल तर ते माझ्या माथी.

जुना फोटो मिळणार नाही. कॉम्प्युटरमध्ये घेऊन झाल्यावर तो काचेवरून सोडवायला गेलो, तर गळ्यापासून खालचा भाग काचेलाच राहिला आणि त्याचा चुरा झाला. आणि कॉम्प्युटरमध्ये सुधारलेला ठेवताना आधीचा पुसला गेला, तिथे दोन्ही ठेवण्याएवढी जागा नसते. एवढे मुद्दाम केले नाही. विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू.

आता या विषयावर मला लिहू नये. कळावे.

बन्सीधर


सोनपेठ
२५ मार्च १९९४

ती. मावशीस कस्तुराचा नमस्कार.

वि. वि. हे पत्र दत्तराव मास्तर तुम्हाला वाचून दाखवतील. मास्तरांसमोर लाजायचे दिवस तुमचेही गेले आणि माझेही.

तुमच्या मुलाने माझ्या आईला फोटोतून काढले आणि जुना फोटोही घालवला. तो म्हणतो, टाक म्हणजे तुमच्या गळ्यातले जोखड. हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय सुचले असेल असे मला वाटत नाही. इतकी वर्षे तुम्ही तो मनाविरुद्ध वागवला, हे मला आधी कळते तर आधीच मागून घेतला असता.

तेव्हा आता मागते. टाक माझ्या आईचा आहे, तिच्या लेकीकडे यावा. नामांतरापासून गाड्यांचा भरवसा नाही, म्हणून येत नाही. कुणी विश्वासाचे माणूस सोनपेठच्या बाजाराला येत असेल तर त्याच्या हाती द्यावा. त्यानंतर तुम्हाला माझा काही त्रास होणार नाही.

तब्येतीस जपावे. पुढचा लोभ तुमच्या मर्जीवर सोडते.

कस्तुरा


राणीसावरगाव
४ एप्रिल १९९४

चि. सौ. कस्तुराला चतुराबाईचा आशीर्वाद.

मी सांगायले आन् मास्तर लिहायलेत. त्यानला म्हनलं, माझ्या बोलन्यात सुधारना करू नका. एकानं सुधारना केली तेवढी लय झाली. ह्याच कागदाची नक्कल बन्सीला बी पुन्याला धाडायला सांगितली हाय. दोघानला येगळं येगळं सांगायची ताकद न्हाई माझ्यात.

बन्सी, तुला कुनी सांगितलं रं जोखड म्हनून? इचारलंस मला? त्या बाया बोलल्या तवा मी गप ऱ्हायले, कारन माझं लेकरू मांडीवर थंड पडलं व्हतं. त्याला ताप आला व्हता आन् गंगाखेडला न्यायला गाडी भेटली न्हाई. मेलेल्या बाईवर आळ कशाला घेऊ? तिला बी लेकरू टाकून जावं लागलं व्हतं. तिचं दुक मलाच ठावं.

आन् कस्तुरा, तू. लगनाच्या दिवशी मी उंबऱ्यात आले तर तू दाराआड. कुनाच्या हाताला येईना. कुनीतरी तुला म्हनलं, तुही आई हिच्या गळ्यात हाय बग. तवा तू आलीस. माझ्याकडं न्हाई, टाकाकडं. मुठीत धरलास तो सोडंना. रातच्याला मुठीत धरूनच निजायचीस, कड बदलायची तर माझी मान आवळायची. वरीसभर मी एका कुशीवर निजले. तुला काय आठवायचं, तू चार वर्साची.

गंगाखेडला फोटो काढायला गेलो तवा बी तू माझ्या मांडीवरच व्हतीस. फोटोवाला म्हनला, नवरानवरीच्या फोटोत पोर नको. तुह्या बापूनं तुला वढून काढलं. तू टाक धरून लोंबलीस, दोरा मानंला कापला. तुही मूठ सुटली आन् टाक सरळ व्हायच्या आत त्यानं फोटो मारला. म्हनून टाक वाकडा. बन्सीला त्यो डाग दिसला आन् तुला तुही आई दिसली. तिथं तू व्हतीस, बाई. तुहीच वढ व्हती ती.

तुहे बापू गेले तवा बायांनी माझं मंगळसूत्र उतरवलं. टाकाला हात घातला तवा मी मूठ झाकली. म्हनलं, ह्यो नवऱ्याचा न्हाई. सटवाजी गुरव म्हनला, रांडावल्या बाईला सवतीचा मान कशाला. मी म्हनलं, माझ्या पोरीची आई हाय ती, ऱ्हाऊ द्या.

इतकी वर्सं तू मला मावशी म्हनलीस. मी कवा काय म्हनले न्हाई. बन्सीनं मला ह्या घरात पहिली केली, त्याला बी काय म्हनत न्हाई. पन त्या फोटोतली बाई मी नव्हं. तिच्या गळ्याला कुनी लोंबलेलं न्हाई.

आज सकाळी शेजारच्या सरजाबाईकडून दोरा कापून घेतला. टाक ह्या कागदासंगं तिच्या लेकाच्या, भुजंगाच्या हाती धाडलाय, त्यो सोनपेठच्या बाजाराला येतोय. नीट बघून घे. बाईचा चेहरा झिजून गेलाय. माझ्या घामानं झिजला म्हन, का तुह्या मुठीनं म्हन.

फोटो भिंतीवरच ऱ्हाऊ देते. मघाशी चंद्रभान म्हनला, वैनी, आता तुमी फोटोतल्यासारख्या दिसायल्या. लेकरानो, तुमा दोघांच्या बी मनासारखं झालं.

माया करायची ऱ्हायली म्हनून पुन्ना कागद लिहू नका. व्हती तेवढी टाकासंगं धाडली.

चतुराबाई दिनकरराव
निशाणी डाव्या हाताचा अंगठा