बटनातलं क्लॅरिनेट

नाना, काल एरंडोलजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात जेवत होते आणि स्पीकरवर अचानक माझ्या जुन्या कॅसेटमधलं इंग्रजी गाणं लागलं. मामाने जळगावहून भरून आणलेली, पाठीवर बॉलपेनने 'न्यू वेव्ह' लिहिलेली ती कॅसेट. यंत्राचे ठोके, कीबोर्डचे गार सूर आणि त्यावर कुणाचा तरी दुखरा आवाज. धुळ्याच्या आपल्या दोन खोल्यांत मी ती दिवसभर लावायचे. तुम्ही भाकरी मोडता मोडता विचारायचात, "नाचता नाचता कोन रडस वं?"

मला तेव्हा शब्द कळत नव्हते. पुढे वाचलं, की ती गाणी करणारी बरीच जणं कारखाने बंद पडलेल्या गावांतली बेकार पोरं होती. स्वस्तातलं यंत्र घ्यायचं आणि वाजवायला लागायचं, गुरू नको, वर्षानुवर्षांची तालीम नको. नववीतल्या मला एवढंच जाणवलं होतं, की हे मलाही जमेल. लग्नाच्या बँडमध्ये तुम्ही वाजवायचात त्या क्लॅरिनेटला मला कधी हात लावू दिला नाहीत. बँड पोरींचं काम नाही म्हणायचात.

मग तुमच्या बँडच्या मालकांनी कीबोर्ड आणला. लग्नसराई संपलेली, पत्र्याच्या शेडखाली दुपारची तालीम चाललेली. बटनांवरचं इंग्रजी कुणाला वाचता येईना, म्हणून तुम्हीच मला घेऊन गेलात. "मन्ही पोर वाचस," केवढ्या तोऱ्यात सांगितलंत! मी ढोल दाखवला, ट्रम्पेट दाखवला. मालकांनी विचारलं, "पोरी, यामा क्लारनेट शे का?" मी बटन दाबलं. "हाई तं पिपानी शे!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, तुम्ही सगळ्यांत मोठ्याने. मालक म्हणाले, "बंद करा, खोकामा टाका."

खोक्यात गेलं असतं तर ते मला पुन्हा दिसलं नसतं. मी म्हणाले, थांबा जरा. आवाजाची धार कमी केली, सूर किंचित थरथरता ठेवला, आणि वरातीत तुम्ही एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचात ते वळण बोटांनी काढून दाखवलं. इतकी वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकलेलं. या वेळी कुणी हसलं नाही. मग मालकांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. "नाना, तुले दम लागस, याले नुसती लाईट लागस!" तेव्हा मात्र सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण क्लॅरिनेट सुटं करून पेटीत भरायला लागलात. तालीम अजून संपायची होती.

पुढच्या मोसमात नवा कीबोर्डवाला आला. मला कुणी घेणार नव्हतंच. तुम्हाला मालकांनी काढलं नाही. कर्ण्यांची गाडी ढकलायला ठेवलं, हे तुम्ही घरी सांगितलं नव्हतंत. साक्रीला मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात मी तुम्हाला पाहिलं. तोच लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर. दोन्ही हात गाडीच्या दांड्यावर, आणि डोक्यावरच्या कर्ण्यातून कीबोर्डवरचं तुमचं वळण येतंय. नवरदेवाचे मित्र नाचतायत. तुम्ही माझ्याकडे पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिठलं वाढत होते. ताटाकडे बघतच तुम्ही विचारलंत, "मन्हासारखं वाजस का ते?"

"नही नाना. कोठे तुम्ही, कोठे ते."

तुम्ही मान हलवलीत आणि आणखी अर्धी भाकर मागून घेतलीत. त्यानंतर दोन मोसम पेटी उघडलेली मी पाहिली नाही. तिसऱ्याला तुम्ही नव्हतात.

काल मी ताटावरून उठले नाही. गाणं संपेपर्यंत ऐकलं, आवडलंही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. साक्रीला मी आत लग्नघरात होते. रस्त्यावरून वरातीचा आवाज आला, आणि मी मैत्रिणीचा हात ओढत, "चल, नाना वाजवतायत," म्हणत धावत बाहेर आले होते.