गोळी गिळल्यावर सांगायचं नाव

अब्बा, भामरागडच्या क्वार्टरमध्ये खिडकीच्या फळीवर तुम्ही रक्ताच्या काचपट्ट्या वाळत ठेवायचात आणि मुंग्यांनी रक्त खाऊ नये म्हणून मी त्यांच्यावर पिठाची चाळणी उपडी घालायचे. स्टोव्हवर चहा उकळतोय, तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलाय आणि बी.ए. संपवून आलेली मी, कॉन्व्हेंटमध्ये घोटलेल्या अक्षरात तुमचं मलेरियाचं रजिस्टर लिहितेय. “तुह्या अक्षरात ताप बी सुंदर दिसते,” तुम्ही म्हणता. तेवढ्यासाठी मी पानंच्या पानं लिहिली असती.

पावसाळ्यात नदी चढली की पलीकडची गावं बेटं होऊन जात. मग आपण आठ-आठ दिवस तिकडेच, शाळेच्या खोलीत मुक्काम करायचो. तुमचा नियम साऱ्या गावांना पाठ होता. गोळी तुमच्यासमोर गिळायची आणि लगेच स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. म्हणजे तोंड रिकामं आहे हे कळे. एक म्हातारा दरवेळी भलतंच नाव सांगायचा. “माह्यं सांगतलं तर ताप वळखते न भाऊ, म्हणून सासऱ्याचं सांगतो!” तुम्ही हसून त्याची पाठ थोपटायचात. तुमचं ते हसू मला अजून हवंसं वाटतं. म्हणूनच पुढचं लिहायला इतकी वर्षं लागली.

अशाच एका गावात एका बाईची सात वर्षांची मुलगी तापानं पडली. दोन दिवसांच्या गोळ्या तुम्ही दिल्यात. तिसऱ्या दिवशी डोंग्यातून नाला ओलांडून पुढच्या गावी जाताना म्हणालात, “आजची, शेवटची, तू दे. नाव सांगेपर्यंत हलू नको.” मी गुळात कुस्करून दिली. मुलीनं तोंड वाकडं केलं, गिळली आणि नाव सांगितलं. मी हसले म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

तुम्ही परतलात तेव्हा तिचा ताप उतरलेला नव्हता. दोन दिवसांत ती गेली. चढलेली नदी ओलांडून तिला कुठे नेताच आलं नाही. आणि तिच्या आईच्या घरात, मोहाच्या टोपलीशेजारी, तुम्हाला फडक्यात बांधलेल्या दोन गोळ्या सापडल्या.

“काऊन बाई, ह्या कुठून आल्या? पोरीले दिल्याच नाई न तू?”

“त्या माह्या व्हय भाऊ, मागच्या तापातल्या. पाण्यात कोनी येत नाई, म्हणून ठेवल्या. पोरीनं साऱ्या खाल्ल्या. तुमच्या पोरीले पुसा.”

ती माझ्याकडे बघत होती. सारा गाव बघत होता. तुम्हीही. तुम्ही कधी चुकत नसायचात, अब्बा. मला वाटलं, मीच काही विसरले असेन. गोळी खाली पडली असेल. मी मान खाली घातली. रात्री शाळेच्या खोलीत तुम्ही म्हणालात, लिही. मी लिहिलं, ‘आईने गोळ्या दिल्या नाहीत.’ सुंदर अक्षरात. त्या दिवसापासून गाव तिला पोरीला खाणारी म्हणू लागलं.

तुम्ही गेलात त्याच्या आधी दोन-तीन वर्षं आरोग्य खात्याची माणसं त्या गावांत रक्त तपासत होती. ही गोळी इथल्या जंतूला आता मारत नाही, असं ठरलं. औषध बदललं. तुम्ही जेवताना एवढंच म्हणालात, “नवीन गोळी आली.” मी वाढत राहिले.

तुमच्या माघारी काचपट्ट्यांची पेटी उघडली. तळाशी कागदात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या. दोन्हींवर तुमचं नाव. कागदावर तुमचं अक्षर: ‘मला ताप. साऱ्या गोळ्या स्वतः घेतल्या. आठवा दिवस. जंतू आहेत.’ तारीख मुलगी गेली त्याच्या पुढच्याच पावसाळ्यातली. म्हणजे गोळीच लागू पडत नाही, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. स्वतःच्या रक्तात बघितलं होतं. त्यानंतरही कितीतरी वर्षं तुम्ही त्या गावात फेरीला जात होतात, आणि ती बाई तुम्हाला लोट्यातून पाणी देत होती. तुम्ही ते पीत होतात. घसा कडू नाही झाला?

तुमच्यावर इतकी चिडते आणि तरी तुमच्या जुन्या स्वेटरला नाक लावून बसते. काय करू?

तर आता वाटणी. स्वेटर धाकट्या भावाला. चाळणी माझ्याकडे राहील. बाकीच्या काचपट्ट्या गावच्या आरोग्य केंद्राला. ते रजिस्टर आणि तुमच्या नावाच्या दोन पट्ट्या मात्र त्या बाईला. ती म्हातारी झालीय, पण आहे. ते पान मी गावासमोर वाचून दाखवायचं, आणि लिहिणारी मीच हे सांगायचं. तिला वाचता येत नाही. ते अक्षर तुमचंच, असं ती आजवर समजत असेल.

हे पत्र कुणालाच नाही. रजिस्टर पिशवीत भरून दिवाळीपासून दाराशी ठेवलंय. नदी-नाल्यांवर आता पूल झालेत, सकाळची एसटी थेट जाते. अडलेली मीच आहे.