घरच्या ज्यूसरविरुद्ध ठराव

आरेकिपा, मंगळवार, गाळा धुऊन झाल्यावर

प्रिय ओर्तेन्सिया,

पहाटे पाचला उठून गाजरं खरवडणाऱ्या, लाकडी खोक्यावर दिवसभर उभं राहून दुसऱ्यांचं रक्त वाढवणाऱ्या आणि स्वतःचे गुडघे झिजवणाऱ्या या देशातल्या तमाम रसवाल्या बायांनो (सध्या तू एकटीच, पण मोठ्याने वाचलंस तर तुझ्या रांगेतल्या बाकीच्याही ऐकतील), आपल्यावर अन्याय झाला आहे. ज्यांना आपण वर्षानुवर्षं पाजलं, तेच लोक आता घरच्या घरी रस काढू लागले आहेत. आणि ही यंत्रं तुमच्याच ताक्नाच्या, सीमेवरच्या दुकानांतून पेट्या भरभरून इकडे येतात, तेव्हा तू हात झटकून मोकळी होऊ नकोस.

तुझा खांदा कसा आहे? आईने दिलेलं तेल चोळतेस, की बाटली कपाटात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? भाऊजींचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे. रागावलेल्या माणसाला आजारी पडायला सवड नसते.

आता मुद्द्यावर येते. बाल्तासार मास्तर तुला आठवत असतील; भूगोल शिकवायचे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, टोपी मांडीवर ठेवून बसतात. एकोणीस वर्षं रोज सकाळी सातला माझ्या दुसऱ्या स्टुलावर. सोमवारी पपई, मंगळवारी गाजर-बीट, शुक्रवारी लसूणघास आणि अननस. (मी त्यांचा विचार करत बसते असं समजू नकोस. गिऱ्हाइकाची आवड ध्यानात ठेवणं हा धंद्याचा भाग आहे.) वाचून झालेलं पुस्तक ते माझ्या संत्र्यांच्या ढिगावर ठेवून जायचे, मी जे काही जग वाचलं आहे ते असं, सालींच्या वासात वाचलं आहे. तर गेल्या महिन्यात सलग तीन दिवस ते स्टूल रिकामं. मला वाटलं, माणूस आजारी असेल. चौथ्या दिवशी कळलं की लिमात नर्स असलेल्या त्यांच्या मुलीने, नोएमीने, त्यांना ज्यूसर पाठवला आहे, सोबत तीन पानी चिठ्ठी. घरचा रस ताजा असतो, साखर आपल्या हातात राहते, भाजी आपण स्वतः धुतलेली असते.

ताजा! आपण काय कालचा विकतो? गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर संत्रं कापतो, त्याचा रस उडून त्याच्याच चष्म्यावर बसतो, याहून ताजं ते काय असतं? साखरेचं म्हणशील, तर मास्तरांच्या पेल्यात मी गेली आठ वर्षं साखर घातलेली नाही, हे त्यांनाही ठाऊक नाही. धुण्याबद्दल मी बोलतच नाही. ज्या माणसाने एकदा माझ्यासमोर केळं धुतलं, तो घरी काय धुणार? आणि सर्वांत मोठी गोष्ट चिठ्ठीत नाहीच. ते यंत्र रस एकीकडे काढतं आणि चोथा दुसरीकडे फेकतं. फळाचं निम्मं बळ चोथ्यात. मास्तर तो शेजारणीच्या गिनीपिगांना घालतात. महिनाभरात ती अशी गुबगुबीत झाली आहेत की शेजारीण दर रविवारी एक तळून खाते. म्हणजे गाजर मास्तरांचं, मेहनत मास्तरांची आणि तब्येत शेजारणीची.

मी आमच्या बाजारातल्या रसवाल्यांच्या युनियनची सभा बोलावली. पाऊण तास बोलले. इंग्लंडातल्या विणकरांनी पोटावर पाय देणारे माग कसे फोडले, तिथपासून सुरुवात केली आणि माणसाला माणसाच्या हातून पेला मिळणं ही कशी संस्कृतीची पहिली पायरी आहे, इथपर्यंत आणलं. दोघी रडल्या. पण आपली उबाल्दिना, माझ्या शेजारच्या गाळ्यातली, उठून म्हणते, "सेराफिने, बाकीची नऊ गिऱ्हाईकं गेली तेव्हा तुला इंग्लंड आठवलं नव्हतं गं." सगळा बाजार हसला. मी तिला सांगितलं की चळवळीला वेळ यावी लागते. शेवटी एका विरुद्ध सगळ्यांच्या मतांनी ठराव झाला: घरगुती ज्यूसरचा निषेध, आणि त्याची समक्ष पाहणी करायला समिती. समितीत मी एकटी. उबाल्दिना म्हणाली तिचे गुडघे दुखतात, आणि हे म्हणताना ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती ती नजर मी तिला कधी माफ करणार नाही.

रविवारी गेले. मास्तरांनी दार उघडलं, मला बघून टोपी शोधायला आत पळाले, घरात टोपी कशाला हवी ते देव जाणे. स्वयंपाकघरात ते यंत्र, ओट्यावर, एखाद्या पुतळ्यासारखं. त्यांनी माझ्यादेखत बीट-गाजराचा रस काढला आणि दोन पेल्यांत ओतला. चव घेतली. (बरी होती. हे सभेच्या अहवालात येणार नाही.) मग त्यांनी आपला पेला उभ्याउभ्याच संपवला आणि ओर्तेन्सिया, तो रिकामा पेला त्यांनी यंत्रापुढे धरला. अगदी माझ्या गाळ्यावर वरच्या रसासाठी धरतात तसा. मिक्सरच्या भांड्यात उरलेला तो वरचा अर्धा पेला, आपली यापा, जी आपण न मागता घालतो आणि तेवढ्यात विचारतो, मुलीचा फोन आला का, रात्री झोप लागली का. यंत्र गप्प. मास्तरांच्या लक्षात आलं, ते ओशाळले आणि म्हणाले, "रस चांगला असतो हो बाई, पण संपतो."

मला असा संताप आला की काय सांगू. कुणाचा, ते अजून ठरत नाही. त्या भरात मी म्हटलं, यंत्राची लायकी बघायची तर पपई घालून दाखवते. पपई मिक्सरची, ज्यूसरची नव्हेच, हे कोणतीही रसवाली सांगेल. घातली. अडकली. मी लाकडी डावाने दाबली. आतली जाळी मधोमध तडकली. त्या विणकरांनी जाणूनबुजून फोडलं. माझ्या हातून चुकून झालं, पण उबाल्दिनाला हे पटवणं माझ्या वक्तृत्वाच्याही पलीकडचं आहे. मास्तर एवढंच म्हणाले, "पाहणी पूर्ण झाली का?"

सोमवारी सातला ते स्टुलावर हजर. बाजाराने टाळ्या वाजवल्या. लढा आपण जिंकला, बहिणी. ताठ मानेने उभी राहा आणि तुझ्या बाजारातही असाच ठराव करून घे.

तुझी, रागात असली तरी तुझीच,
सेराफिना

ता. क. भाऊजींना हे पत्र वाचून दाखव, पण इथपर्यंतच.

ता. क. दुसरा. खरं सांगते. महिनाभर घरचा रस घेऊन मास्तरांचा रंग उजळला आहे. रोज दोन भाज्या जास्त जातात पोटात, कारण मुलीला फोनवर हिशेब द्यावा लागतो. डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी कमी केली. माझ्याकडे सोमवारी आले तेव्हा चढ चढून आले तरी धापा टाकत नव्हते. हे मी टाळ्यांच्या वेळी बघितलं आणि गप्प बसले.

ता. क. तिसरा. आज पेला परत देताना टोपीकडे बघत म्हणाले, यंत्र दुरुस्त झालं तर रविवारी बाजार बंद असताना ते गाजरं खरवडून ठेवतील, मी फक्त यापा घालायला यावं. मी म्हटलं, समिती विचार करेल. समितीने विचार केला आहे. त्या यंत्राची जाळी इथे मिळत नाही; तुझ्या गाळ्यासमोरच्या दुकानात मिळते, मधल्या आकाराची. शुक्रवारच्या गाडीने पाठव.