शेल्बीला दिलेला शब्द

मंगळवार, २ ऑक्टोबर २०१८

काय आवाज होता तो! प्रॅक्टिस संपायची वाट बघत मिनीबसमध्ये बसलो होतो, काचा बंद — तरी ऐकू आला. गोलकीपरचा गुडघा आणि शेल्बीचं डोकं. शेल्बी म्हणजे मी ने-आण करतो त्या बायकांच्या फुटबॉल टीमची अमेरिकन फॉरवर्ड, आमच्या वरच्या खोलीत राहते. पडली, उठली, हसली. "आयॅम ग्रँड!" 'मी ठणठणीत' म्हणायची ही आयरिश रीत; सहा महिन्यांत पक्की गॉलवेकरीण झालीय.

परतताना म्हणाली, "मुरली, आज जिंकलो का आपण?"

मॅच नव्हतीच. प्रॅक्टिस होती!

बुधवार, ३

पोह्यांत काय घातलंय, असं नीलिमाला तीनदा विचारलं तिने. बायकोला वाटलं, आवडले. मला कालचा तो आवाज आठवला.

माझा धाकटा भाऊ उपेंद्रही असंच म्हणाला होता — "काही नाही झालं रे दादा." नागपूरला, स्कूटरवरून पडून आल्यावर. जेवला, आडवा झाला. चहाला उठवायला मीच गेलो होतो. पुढचं लिहीत नाही.

शेल्बीला जिन्यात गाठलं. डॉक्टरकडे चल म्हटलं. पायरीवरच बसली. रविवारी तिच्या गावाकडच्या, ओहायोच्या क्लबचा माणूस तिचा खेळ बघायला येतोय. कॉलेजनंतर स्वीडन, आइसलँड, मग मायदेशी एक सीझन — सगळा बाकावर — मग काढूनच टाकलं, म्हणून इथे. "सव्वीस वर्षांची आहे मी. परत कोणी बोलावणार नाही. डॉक्टर खेळू देणार नाही, मुरली. कोचला सांगू नकोस. प्रॉमिस?"

दिला शब्द. गाढव मी!

शुक्रवार, ५

कोच डेक्लनला आडून विचारलं — शेल्बी जरा गप्प वाटते ना? सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. "युअर मॅन, हा आपला गडी, काळजीत पडलाय बघा! शीज ग्रँड, मुरली."

नीलिमा चिडली. "अहो, सरळ सांगा ना त्याला! शब्द कसला कुरवाळत बसलाय?" खरं आहे. पण भांडी घासत या देशात आलो आणि आज तीन मिनीबस आहेत, त्या तोंड मिटून ठेवलं म्हणून. मागच्या सीटवरची कुजबुजसुद्धा मला ऐकू येते, हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. आणि ती बाहेर जात नाही, हेही.

दुपारी तासभर वर पाऊल वाजलं नाही. तीनदा जिना चढलो. दाराला कान लावला. श्वास ऐकला, मग उतरलो.

रविवार, ७ — सकाळ

सुचलं! बस चालू होत नाही म्हणून सांगतो. उरलेल्या दोन बाहेर गेल्यात. बस नाही तर मॅच नाही.

रविवार — घरी आल्यावर

कसली युक्ती! सात जणांनी आपापल्या गाड्या काढल्या आणि निघाले डब्लिनला. शेल्बी कोचच्या शेजारी, मला हात हलवून गेली.

मागोमाग गेलो — ती चालू न होणारी बस घेऊन! लांब लावली. कुंपणाशी उभा राहिलो, प्रत्येक उंच चेंडूला डोळे मिटत. एकाहत्तराव्या मिनिटाला तिने उडी मारून डोक्याने गोल केला. सगळे नाचले. मी ती उठते का, एवढंच बघत होतो.

उठली. ओहायोवाल्याने हात मिळवला, क्लबात घेतो म्हणाला. गुरुवारी निघायचंय तिला.

कदाचित मीच भित्रा.

सोमवार, ८

आज फक्त चावी विसरली. चावी तर मीही विसरतो.

गुरुवार, ११

तिला शॅनन एअरपोर्टला सोडायला निघालो. एनिस मागे पडलं आणि तिने विचारलं, "रविवारी गोल कुणी मारला, मुरली?" वाटलं, चेष्टा करतेय. वळून पाहिलं. खरंच विचारत होती.

एअरपोर्टचा फाटा सोडला. "आपला फाटा होता ना तो?" "हो," म्हटलं, आणि लिमरिकच्या हॉस्पिटलपर्यंत थांबलो नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

शेल्बी काही बोलायच्या आत मी सांगितलं — नऊ दिवसांपासून. मला माहीत होतं.